मान आणि शंका : तौरात, जबूर, इंजील आणि इस्लामी परंपरा

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. वय ऐंशीच्या घरात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मीही तेच म्हणतो. काही वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानातून मी ‘पवित्र शास्त्र’, म्हणजे मराठी बायबलची एक जुनी प्रत किलोच्या भावाने उचलली. घरी जाताना मास्तरांच्या ओट्यावर टेकलो आणि पिशवी पायाशी ठेवली. आत काय आहे हे कळताच मास्तर उठले, त्यांनी पिशवी उचलली आणि तिवईवर ठेवली.

“खाली नका ठेवू, भाऊ. यात मूसा अलैहिस्सलाम आहेत, ईसा अलैहिस्सलाम आहेत.”

मी म्हणालो, “म्हणजे मास्तर, तुम्ही बायबल मानता?”

“इंजील मानतो. पण तुमच्या पिशवीत जे आहे ते जसंच्या तसं इंजील नव्हे.”

एकाच मिनिटात पुस्तकाला मान मिळाला आणि त्याच पुस्तकावर शंकाही घेतली गेली. तेव्हा मला ही मास्तरांची भिडस्त तडजोड वाटली. ख्रिस्ती माणसाला दुखवायचे नाही आणि आपल्या धर्मालाही धक्का लावायचा नाही, अशी. पुढे त्यांच्याकडेच उर्दू लिहा-वाचायला शिकलो, जमेल ते वाचत गेलो, आणि लक्षात आले की ती तडजोड नव्हती. मास्तर चौदाशे वर्षांची एक भूमिका दोन वाक्यांत सांगत होते. या भूमिकेतला मान आणि शंका एकाच मुळातून आलेले आहेत. त्यातले काय वर यायचे हे मात्र काळावर आणि समोर कोण बसले आहे यावर ठरत आले. या लेखात तेवढेच मांडायचे आहे.

एक किताब नव्हे, किताबा

मकतबात जाणाऱ्या मुसलमान मुलाला लहानपणीच श्रद्धेची कलमे पाठ करून घेतात. अल्ला, फरिश्ते, किताबा, पैगंबर, कयामतीचा दिवस, तकदीर यांवर माझा विश्वास आहे, असा त्याचा आशय. यातला ‘किताबा’ हा शब्द अरबीतही अनेकवचनी आहे. कुराणावर विश्वास ठेवला आणि आधीच्या ग्रंथांवर ठेवला नाही, तर श्रद्धाच अपुरी राहते. मास्तर मला पुन्हा पुन्हा सांगत, “आम्ही ‘पुस्तकांवर’ म्हणतो, ‘पुस्तकावर’ नाही.”

या किताबांपैकी चार नावाने ओळखल्या जातात. मूसाला दिलेली तौरात, दाऊदला दिलेले जबूर, ईसाला दिलेले इंजील आणि मुहंमद पैगंबरांवर उतरलेले कुराण. शिवाय इब्राहीमच्या ‘सहीफ्यां’चा, म्हणजे पत्रांचा, उल्लेख येतो. कुराणात ‘तौरात’ हे नाव १८ वेळा आणि ‘इंजील’ १२ वेळा येते. दाऊदच्या संदर्भात ‘जबूर’ तीनदा येते. ज्यू आणि ख्रिस्ती यांना ‘अहले किताब’, ग्रंथवाले लोक, असे वेगळे नाव आहे.

कुराण या ग्रंथांविषयी काय म्हणते? पाचव्या सूरेत तौरातीत मार्गदर्शन आणि प्रकाश आहे असे सांगितले आहे, इंजीलविषयीही तसेच. मग कुराणाचे स्वतःचे नाते दोन शब्दांत येते. एक, ते आधीच्या ग्रंथांना ‘खरे ठरवणारे’ आहे. दोन, त्यांच्यावर ‘राखण करणारे’ आहे. दहाव्या सूरेत तर शंका आली तर आधीपासून ग्रंथ वाचत आलेल्यांना विचार, असेही सांगितले आहे.

दुसऱ्या बाजूला तक्रारीही आहेत. काही लोक शब्द त्यांच्या जागेवरून हलवतात, काही जीभ वळवून असे वाचतात की ऐकणाऱ्याला ते ग्रंथातलेच वाटावे, काही स्वतःच्या हाताने लिहून ते देवाकडचे म्हणून सांगतात. खरे ठरवणे आणि राखण करणे यांतल्या पहिल्या शब्दातून मान आला आणि दुसऱ्यातून शंका. राखणदाराला आतल्या मालाची किंमत ठाऊक असते, म्हणूनच तो कडी-कुलूप तपासतो.

इंजील म्हणजे नेमके कोणते पुस्तक?

इथे एक घोटाळा आधीच दूर करायला हवा, कारण बरीच भांडणे त्यातून झाली आहेत. ख्रिस्ती माणूस ‘शुभवर्तमान’ म्हणतो तेव्हा मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवरची चार पुस्तके त्याच्या मनात असतात. ती येशूविषयी आहेत. येशूवर उतरलेली आहेत असा ख्रिस्ती लोकांचा दावाच नाही. मुसलमान ‘इंजील’ म्हणतो तेव्हा ईसाला देवाने दिलेला एक ग्रंथ त्याला अभिप्रेत असतो, जसे मुहंमद पैगंबरांना कुराण दिले तसा. शब्द एक, वस्तू दोन. चार पुस्तकांमध्ये त्या मूळ इंजीलचा अंश आहे असे बहुतेक मुसलमान विद्वान मानत आले. पण ती पुस्तके म्हणजेच इंजील, असे नाही.

याच्याही मुळाशी ग्रंथ कशाला म्हणायचे याची वेगळी कल्पना आहे. मुसलमानांच्या लेखी कुराण हे अक्षरशः देवाचे बोलणे, तेही अरबीत. भाषांतर म्हणजे फक्त अर्थ. ख्रिस्ती परंपरेत देवाचा ‘शब्द’ म्हणजे प्रथम येशू स्वतः, आणि ग्रंथ ही त्याची साक्ष. त्यामुळे बायबल भाषांतरातही बायबलच राहते. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. त्यांच्या दृष्टीने त्या मराठी बाईच्या हातात देवाचे वचनच देत होत्या. एखाद्या मौलवीसाहेबांनी कुराणाचे कितीही सुरेख मराठी केले तरी ते ‘कुराण’ आहे असे ते म्हणणार नाहीत. ही दोन मापे लक्षात ठेवली, की एकाच्या मापाने दुसऱ्याचे पुस्तक मोजले की काय होते ते पुढे आग्र्याला दिसेल.

मजकूर होता, वर हात होता

शब्द जागेवरून हलवण्याच्या या आरोपाला अरबीत ‘तहरीफ’ म्हणतात. तहरीफ म्हणजे नेमके काय, यावर मुसलमान विद्वानांत कधीच एकमत नव्हते. एक पक्ष म्हणतो, अक्षरे तीच राहिली, अर्थ वाकडा केला. दुसरा म्हणतो, अक्षरेच बदलली.

पहिल्या पक्षाला आधार देणारी एक गोष्ट हदीसमध्ये आहे. मदीनेतले काही ज्यू व्यभिचाराचा एक खटला घेऊन पैगंबरांकडे आले. तुमच्या तौरातीत काय शिक्षा आहे, असे विचारल्यावर ग्रंथ आणला गेला. वाचणाऱ्याने दगडांनी मारण्याच्या शिक्षेच्या ओळीवर हात ठेवला आणि तिच्या मागचे-पुढचे वाचून दाखवले. अब्दुल्ला इब्न सलाम हे पूर्वी ज्यू असलेले सोबती तिथे होते. ते म्हणाले, हात उचल. हात उचलला तर ओळ तिथेच होती. अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या पाठात आणखी एक तपशील आहे : ग्रंथ आणला तेव्हा पैगंबरांनी स्वतःच्या खालची उशी काढून त्यावर तौरात ठेवली. मास्तरांनी पिशवी तिवईवर का ठेवली, याचे उत्तर मला इथे मिळाले.

याच्या उलट टोकाचीही एक गोष्ट सांगितली जाते. उमर तौरातीतले काही लिहून घेऊन आले तेव्हा पैगंबर रागावले. मूसा आज हयात असते तर त्यांनाही माझ्यामागून यावे लागले असते, अशा अर्थाचे बोलले. या गोष्टीच्या सनदेबद्दल विद्वानांत वाद आहे, पण तिचा परिणाम मोठा झाला. इथे प्रश्न मजकूर बिघडल्याचा नाहीच. नवा ग्रंथ आल्यावर जुन्यातले कायदे मागे पडले, हा मुद्दा आहे. त्याला ‘नस्ख’ म्हणतात.

पुढच्या शतकांत दोन्ही पक्षांना थोर वकील मिळाले. कुराणाचे मोठे भाष्यकार तबरी (मृत्यू ९२३) यांनी एका महत्त्वाच्या जागी तहरीफचा अर्थ ‘अर्थ बदलणे’ असा लावला. फख्रुद्दीन राझी यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीस व्यवहाराचा प्रश्न विचारला : पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत इतक्या लोकांच्या हातात असलेल्या ग्रंथाची सगळी अक्षरे कोण आणि कशी बदलणार? उलट स्पेनमधल्या कोर्दोबाचे इब्न हज्म (९९४–१०६४) यांनी तौरात हातात घेऊन हिशेबनिसाच्या चिकाटीने आकडे तपासले. इजिप्तमध्ये गेलेले याकूबचे सत्तर जणांचे कुटुंब थोड्याच पिढ्यांत सहा लाख पुरुषांचे कसे झाले, असे त्यांचे प्रश्न आहेत. त्यांचा निष्कर्ष होता की मजकूरच बिघडला आहे.

पंधराव्या शतकात कैरोमध्ये तर यावरून मोठाच वाद पेटला. बिकाई (मृत्यू १४८०) यांनी कुराणावरच्या भाष्यात तौरात आणि शुभवर्तमानांतले लांबलचक उतारे घेतले. आदम, मूसा, ईसा यांच्या कथा कुराणात सूचक आहेत. त्या भरून काढायला जुने ग्रंथ का वापरू नयेत, असा त्यांचा प्रश्न. सखावी यांच्यासारख्या समकालीन विद्वानांनी त्यांच्यावर झोड उठवली आणि बिकाईंना आपल्या बचावासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. दोन्ही बाजूंचे लोक धर्मनिष्ठ मुसलमान होते, हे विसरता कामा नये.

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न फार परका वाटू नये. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात उतरवताना पाठ बिघडले, म्हणून एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये ती शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी आत घालू नये असे बजावून ठेवले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती काढायला कित्येक दशके घालवली. पण पाठभेद सापडला म्हणून ज्ञानेश्वरीवरची कुणाची श्रद्धा उडाली नाही. पाठभेदाने काय सिद्ध होते, हे तुम्ही ग्रंथाकडून काय अपेक्षा ठेवता यावर अवलंबून असते.

फत्तेपूर सिक्री, १५८०

आता हिंदुस्थानात येऊ. नोव्हेंबर १५७९ मध्ये गोव्याहून तीन जेझुइट पाद्री अकबराच्या आमंत्रणावरून निघाले : रुदोल्फ अक्वाविवा, अंतोनियो मोन्सेराते आणि फ्रान्सिस एन्रिकेस. फेब्रुवारी १५८० च्या अखेरीस ते फत्तेपूर सिक्रीला पोहोचले. भेट म्हणून त्यांनी अँटवर्पला प्लांतँ यांच्या छापखान्यात थोड्याच वर्षांपूर्वी छापलेले बहुभाषी बायबल नेले होते. हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशा भाषा शेजारी शेजारी असलेले ते मोठमोठे खंड. मोन्सेराते यांनी लिहून ठेवले आहे की बादशहाने खंडांचे चुंबन घेतले, ते डोक्यावर ठेवले, आणि यांत इंजील कुठल्या खंडात आहे असे विचारून त्याला अधिकच मान दिला.

पाद्र्यांना वाटले, बादशहा आता ख्रिस्ती होणार. त्यांचा अंदाज चुकला. अकबर स्वतंत्र बुद्धीचा होता हे खरे, पण इंजील डोक्यावर ठेवणे ही काही त्याची बंडखोरी नव्हती. चुंबन घेऊन ग्रंथ माथ्याला लावणे, हीच मुसलमान घरातली रीत. पाद्र्यांनी धर्मांतराची खूण म्हणून जे पाहिले, ते त्याच्या धर्मातच होते.

पण दरबारात शंकाही होती. तुमच्या हातातले इंजील मूळचेच कशावरून, हा प्रश्न पाद्र्यांना अकबर आणि जहांगीर या दोघांच्याही काळात ऐकावा लागला. तरी वातावरण जिज्ञासेचे होते. फ्रान्सिस झेवियर यांच्या घराण्यातले जेरोम झेवियर १५९५ मध्ये लाहोरला आले. त्यांच्यासोबत अब्दुस्सत्तार इब्न कासिम हे दरबारी विद्वान बसले, त्यांच्याकडून लॅटिन शिकले, आणि दोघांनी मिळून १६०२ मध्ये ‘मिरआतुल कुद्स’ हे येशूचे फारसी चरित्र सिद्ध केले. पाद्री इथे पाहुणे होते, सत्ता यजमानाची होती. ज्याला भीती नाही त्याला उत्सुक असणे सोपे जाते.

आग्रा, १८५४

अडीचशे वर्षांनी चित्र पालटले. आता राज्य इंग्रजांचे होते आणि मिशनरी बाजारात उभे राहून कुराणावर टीका करत होते. मुंबईत १८३० च्या दशकातच जॉन विल्सन, ज्यांचे नाव आजही विल्सन कॉलेजला आहे, आणि हाजी मुहम्मद हाशिम यांच्यात लेखी वाद झाला होता. उत्तरेत कार्ल फांडर हे जर्मन मिशनरी ‘मीजानुल हक’ या आपल्या पुस्तकासाठी गाजत होते. त्यांच्या युक्तिवादाचा पाया असा : कुराण स्वतःच तौरात-इंजीलला खरे म्हणते, मग मुसलमानांनी ते का मानू नयेत?

याला उत्तर द्यायला कैराना गावचे मौलाना रहमतुल्ला (१८१८–१८९१) पुढे आले. १० आणि ११ एप्रिल १८५४ रोजी आग्र्याला जाहीर वादसभा झाली. फांडर यांच्या बाजूला थॉमस फ्रेंच होते, रहमतुल्लांच्या बाजूला डॉक्टर मुहम्मद वझीर खान. वझीर खान इंग्रजी वैद्यक शिकलेले, विलायतेत राहून आलेले. येताना त्यांनी बायबलच्या चिकित्सेवरची युरोपीय पुस्तके आणली होती; त्यांत हॉर्न यांच्यासारख्या श्रद्धाळू ख्रिस्ती पंडितांचेही ग्रंथ होते. फांडर जुन्या इस्लामी युक्तिवादांची तयारी करून आले होते. समोर आली ती त्यांच्याच विद्यापीठांतली विद्या.

नस्ख, तहरीफ, त्रैक्य, मुहंमदांचे पैगंबरपण आणि कुराण असे पाच विषय ठरले होते. सभा पहिल्या दोहोंच्या पुढे गेलीच नाही. फांडर यांनी सात-आठ जागी मजकूर बदललेला असल्याचे आणि लेखनिकांच्या पुष्कळ चुका असल्याचे कबूल केले. योहानाच्या पहिल्या पत्रातले स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचे वाक्य हे त्या वेळी गाजलेले उदाहरण. ते जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. पण यामुळे मूळ शिकवणीला धक्का लागत नाही, असे फांडर म्हणत राहिले. रहमतुल्लांच्या बाजूचे म्हणणे, एकदा बदल कबूल केला की विश्वास कशावर ठेवायचा? खरेदीखतात एका जागी खाडाखोड दिसली की आपण सगळेच खत बाजूला ठेवतो, तसे.

सभेत मुसलमानांची सरशी झाली, याबद्दल फारसे दुमत नाही. पण मला ती सभा दोन मापांची टक्कर वाटते. फांडर आपल्या मापाने, साक्षीच्या मापाने, उत्तर देत होते : साक्षीदाराचा एखादा शब्द चुकला तरी घटना खरी राहते. रहमतुल्ला कुराणाच्या मापाने मोजत होते : देवाचे बोलणे आहे तर एक अक्षरही का हलावे? आणि त्या दिवशी मान मागे पडून शंका पुढे आली, याला कारण फक्त विद्वत्तेचे नव्हते. राज्यकर्त्यांचे धर्मबंधू जेव्हा तुमच्या ग्रंथातले वचन तुमच्यावरच उलटवतात, तेव्हा त्यांच्या ग्रंथाला उशी द्यायला हात सहज पुढे होत नाही.

१८५७ नंतर रहमतुल्लांची मालमत्ता गेली. ते मक्केला निघून गेले. तिथे त्यांनी मदरसा सौलतिया काढला; कलकत्त्याच्या सौलतुन्निसा या बाईंच्या देणगीवरून ते नाव पडले. ऑटोमन सुलतानाच्या सांगण्यावरून त्यांनी अरबीत ‘इझहारुल हक’ लिहिला. हा ग्रंथ दूरवर गेला. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या सुरत जिल्ह्यात १९१८ मध्ये जन्मलेले अहमद दीदात लहानपणी दक्षिण आफ्रिकेत गेले. दुकानात नोकरी करताना त्यांच्या हाती याच ग्रंथाची प्रत लागली आणि पुढे ते जगभर गाजलेले वादपटू झाले. आज ‘मुसलमान बायबलला खोटे मानतात’ अशी जी सरसकट समजूत आहे, तिच्यामागे आग्र्याच्या त्या दोन दिवसांची मोठी सावली आहे.

दुसरी वाट

त्याच काळात, त्याच पराभवाच्या धुळीत, एका माणसाने उलटी वाट धरली. सर सय्यद अहमद खान (१८१७–१८९८) तेव्हा इंग्रजांच्या न्यायखात्यात नोकरीला होते. गाझीपूरला असताना १८६२ मध्ये त्यांनी ‘तबयीनुल कलाम’चा पहिला भाग छापला : एका मुसलमानाने लिहिलेले बायबलवरचे भाष्य, उर्दू आणि इंग्रजी शेजारी शेजारी. पुढचा भाग १८६५ मध्ये आला. राझींसारखे जुने भाष्यकार आणि दिल्लीचे शाह वलीउल्ला यांचा हवाला देऊन त्यांनी मांडले की तहरीफ मुख्यतः अर्थाची आहे. पाठभेद आहेत, पण पाठभेद म्हणजे लबाडी नव्हे. पाठ ताडावा, अर्थ लावावा, कुराणाशी जुळवून पाहावा.

उत्पत्तीचे पहिले अकरा अध्याय आणि मत्तयचे पहिले पाच एवढे झाले आणि काम थांबले. मुसलमानांना ते मिशनऱ्यांना शरण गेल्यासारखे वाटले. मिशनऱ्यांना त्यांतला येशू देव नव्हता म्हणून नको होता. दोन्हीकडून गिऱ्हाईक नाही, अशी गत झाली.

तरी ती वाट अगदी बुजली नाही. सर सय्यद यांनी उभारलेल्या अलीगढच्या कॉलेजात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला योसेफ होरोविट्झ हे जर्मन ज्यू पंडित अरबी शिकवायला होते. आझमगढकडचे हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) त्यांच्याकडून हिब्रू शिकले आणि कुराणाचा अर्थ लावताना जुन्या ग्रंथांकडे पुन्हा आदराने वळले. मुसलमान भाष्यकार ज्यू शिक्षकासमोर हिब्रू अक्षरे गिरवतो आहे, तेही कुराण नीट कळावे म्हणून, हे दृश्य मला आग्र्याच्या सभेपेक्षा अधिक आठवणीत ठेवावेसे वाटते.

हा लेख लिहून झाल्यावर मी मास्तरांना वाचून दाखवला. कान आता मंद झाले आहेत, त्यामुळे मोठ्याने वाचावा लागला. आग्र्याच्या भागावर ते खूश होते, सर सय्यद यांच्या भागावर जरा नाखूश. शेवटी मी विचारले, “मास्तर, दुसऱ्याच्या ग्रंथात चूक आहे असं वाटत असताना त्याला मान कसा देता येतो?”

ते म्हणाले, “भाऊ, मान पाठवणाऱ्याचा. शंका उतरवून घेणाऱ्याच्या हाताची. पत्र भिजलं म्हणून कुणी बापाचं पत्र रद्दीत टाकतं का?”

माझी ती रद्दीतली प्रत अजून त्यांच्याच तिवईवर आहे. परत मागायची मला इच्छा झालेली नाही.